इलारिएच्या नावाचं पाणी

पोयेनित्सा,
बुधवार, २५ एप्रिल २००१

सांदा पोरी,

सगळ्यांत आधी आली ती गेरगिना, दुसरं कोण येणार! पाद्रीबाबांचा पत्ता नाही, घंटा वाजली नाही, मी अजून डोक्याला रुमाल बांधतेय, आणि ही शेजारीण आपली चार रिकाम्या बाटल्या घेऊन विहिरीच्या कठड्यावर बसलेली. म्हटलं, "अगं, मंतरायच्या आधीच भरून नेतेस की काय?" तर म्हणते, "नंबर लावलाय." रांगेत कोण, तर ती आणि तिचा लंगडा कुत्रा.

मग नर्स ऑलिम्पिया आली, मग पोस्टातला बाबा, मग अख्खा गाव. ईस्टरनंतरच्या शुक्रवारी दर वर्षी कुठल्या तरी एका विहिरीवर पाणी मंतरतात हे तुला मी काय सांगू, पण यंदा पाद्रीबाबांनी गावातल्या अकरा विहिरींतून आपली निवडली! तुझ्या बाबांची! तू सोमवारी गेलीस आणि हे शुक्रवारी. चार दिवस थांबली असतीस तर काय त्या इटलीतल्या म्हातारीचं आभाळ कोसळलं असतं? असो. पाद्रीबाबांनी क्रूस बुडवला, रानतुळशीची जुडी पाण्यात भिजवून सगळ्यांवर शिंपडली, माझ्यावर दोनदा. मग एकेकानं साखळीचा टिनाचा मग उचलला, "इलारिएच्या नावानं" म्हटलं आणि प्यायला. मी मोजत होते. एकाहत्तर! तुझ्या बाबांना तिकडे श्वास घ्यायला उसंत मिळाली नसेल. इथे जेवढं त्याच्या नावानं पितात तेवढंच त्याला तिथे मिळतं, आणि त्या दिवशी नुसता पूर.

तो गेला तेव्हाचं आठवतं ना? तू चाळीस दिवस पाणी वाहिलंस, रोज एक बादली एकेका घरी, आणि दर बादलीला काठीवर खाच. शेवटच्या दिवशी चार जास्तीच्या, अशा चव्वेचाळीस, मग ओढ्याला साक्ष ठेवून काठी सोडलीस. तेव्हा पाय सुजले होते तुझे. पण ती झाली चाळीस दिवसांची बेगमी. पुढचं सगळं ही विहीर बघते. त्यानं स्वतः खणली, स्वतःच पितो. तीन वर्षं झाली, एक दिवस त्याला तहान लागली नसेल.

इलिंका मजेत आहे. तू गेल्यावर एक दिवस रडली, मग विसरली. असं लिहू नये, तुला लागेल, पण विसरली. तीन महिन्यांच्या पोरीला काय! तू ठेवलेल्या डब्यातली दुधाची पावडर मोजून घालते, पाणी आपलं, ताजं, पोहऱ्यातलं. दुपारी कॅमोमिलच्या फुलांचा चहा देते दोन चमचे. तोंड वाकडं करते आणि पिते.

तुझ्या न्हाणीघराचं काम सुरू झालं. कोस्तेल आला फावडं घेऊन. माझ्या भावाचा मुलगा असून खड्डा खणायच्या आधी जेवायला मागतो, आणि खणल्यावर परत जेवायला मागतो. तू शोषखड्डा गोठ्यामागे खणायला सांगून गेलीस, तिथे म्हणे नुसता दगड आहे. बघू कुठे ते.

फनेलची इटलीची गाडी उद्या निघते, त्याच्याकडे हे पत्र आणि ईस्टरचा गोड पाव, एक अख्खा कोझोनाक देते. कोझोनाक त्यानं वाटेत खाल्ला तर मला कळव.

तुझी आई,
साफ्ता


पादोवा,
रविवार, ६ मे २००१

आई,

कोझोनाक अर्धा पोचला. फनेल म्हणतो बल्गेरियाच्या सीमेवर उंदरांनी खाल्ला. त्याची गाडी बल्गेरियातून जातच नाही.

मी बरी आहे. सिन्योरा इनेस एक्क्याण्णव वर्षांची आहे, बोलते कमी, बघते जास्त. तिच्या मुलीनं फ्रिजवर तक्ता लावलाय. मंगळवारी मासा, गुरुवारी डाळ, मीठ नाही, आणि दिवसाला आठ ग्लास पाणी. प्रत्येक ग्लासापुढे मी बरोबरची खूण करायची. पाणी काचेच्या बाटल्यांतून येतं, सहा-सहाचं खोकं, आणि लिफ्ट बंद असली की तिसऱ्या मजल्यावर मी चढवते. तिला पाणी आवडत नाही. प्रत्येक ग्लासासाठी तिची मनधरणी करावी लागते.

हे तुला सांगणार नव्हते, पण सांगायला दुसरं कोण आहे? दूध अजून येतं. सकाळी आणि संध्याकाळी दार लावून बेसिनमध्ये काढते आणि नळ सोडते.

एक गोष्ट नीट ऐक. इलिंकाचं पाणी उकळत जा. नुसतं गरम नाही, चांगलं खळखळून, बराच वेळ. इथे चर्चच्या बागेत आपल्या सगळ्या बायका जमतात, सगळ्या हेच सांगतात. लहान बाळाचं पोट आहे, पाणी जितकं जास्त उकळशील तितकं शुद्ध. आळस करू नकोस.

आणि खड्डा गोठ्यामागेच. दगड लागला तर कुदळ कशाला असते?

सांदा


पोयेनित्सा,
बुधवार, ३० मे २००१

सांदा पोरी,

खोकं आलं! गेरगिना ते उघडताना हजर होती, कशी कोण जाणे, तिला फनेलच्या गाडीचा वास येतो. साबण बघून म्हणाली, "हे खायचं का?" एवढा छान वास. मी एक वडी तिला दिली, बाकीच्या कपड्यांत ठेवल्या.

तू म्हणतेस तसं उकळते, काळजी करू नकोस. आळस? अगं, तासभर! मोठं पातेलं चुलीवर चढवते आणि आटून अर्धं राहीपर्यंत उतरवत नाही. तळाला पांढरा थर बसतो, नखानं खरवडावा लागतो. तो थर बघून मला इतका आनंद होतो म्हणून सांगू, सगळी घाण खाली आणि पोरीच्या पोटात नुसता अर्क! संध्याकाळी उरलेलं परत उकळते. लाकूड जरा जास्त लागतं, पण कुणासाठी जाळतेय? ऑलिम्पियालासुद्धा एवढं सुचलं नसतं.

न्हाणीघर झालं. विहिरीत पंप सोडलाय, तोटी फिरवली की घरात पाणी! आणि ती साखळी ओढली की धबधबा. गेरगिना तीनदा ओढून गेली, तिला लागलीही नव्हती. म्हणते, "साफ्ता, आता तू बोयारीण झालीस, वाड्याची मालकीण." मी पहिल्या दिवशी आत गेले आणि अंगणात परत आले, म्हटलं घरात कसं बसायचं बाई, लाज वाटते. आता जमतं. खड्ड्याचं विचारलंस. झाला खड्डा. कोस्तेल म्हणतो माती अशी लागली की लोणी कापावं. दोन दिवसांत मोकळा झाला. चार वेळा जेवला.

आता तुझ्या राजकन्येचं. रडत म्हणून नाही! तू अशी होतीस, गाव डोक्यावर घ्यायचीस. ही झोपते. दिवसा झोपते, संध्याकाळी झोपते, दूध पितापिता झोपते. आणि रंग असा उजळलाय, वाड्यातल्या बायकांसारखा, त्वचेखालून निळसर शिरा दिसतात. ओठ तर तुती खाल्ल्यासारखे. गेरगिना बघून म्हणाली, "हिला नजर लागलीय." मी म्हटलं, लागणारच, कुणी इतकं देखणं मूल बघितलंय? मग तिनं उतरवली. पहाटे विहिरीतून पहिला पोहरा काढला, कुणी हात लावायच्या आधीचा, वाटेत कुणाशी बोलली नाही (गेरगिना! बोलली नाही!), आणि त्यात तीन जळते निखारे टाकले. तिन्ही बुडाले. म्हणजे नजर होतीच. ते पाणी तीन घोट पाजलं, कपाळाला लावलं, मनगटात लाल दोरा बांधला. आता रोज सकाळी पाजायचं, नऊ दिवस.

परवा पाच जण थांबून प्याले विहिरीवर, ट्रकवाले. एकानं बाबांचं नाव विचारलं आणि टोपी काढली. मी दारातून बघत होते. इतकं बरं वाटलं.

तुझी आई


पादोवा,
रविवार, १० जून २००१

आई,

हे वाचून झालं की पत्र खाली ठेव आणि इलिंकाची नखं बघ. रंग कसला आहे? आणि जिभेचा?

सिन्योरेचं ब्लडप्रेशर बघायला डॉक्टर येतो. मी त्याला विचारलं, माझ्या मोडक्यातोडक्या भाषेत, की मूल फार झोपतं, ओठ निळे आहेत, हृदयाचं काही असेल का. त्यानं हृदयाचं काही विचारलं नाही. त्यानं विचारलं, पाणी कुठलं पितं? मी हसले. म्हटलं, डॉक्टर, आमच्या विहिरीवर पाद्रीबाबा पाणी मंतरतात, वाटसरू थांबून पितात. त्यानं परत विचारलं, कुठलं पाणी? तिसऱ्यांदा विचारलं, विहिरीजवळ काय आहे? गोठा? खत? संडासाचा खड्डा?

आई, तू लिहिलंस माती कशी लागली. कुठे लागली ते लिहिलं नाहीस.

ऑलिम्पियाकडे जा. आजच जा. गेरगिनाला त्या पोरीला हात लावू देऊ नकोस.

सांदा


पादोवा,
रविवार, २४ जून २००१

फनेल आला. कुणाकुणाची पत्रं होती त्याच्याकडे, माझं नव्हतं.

मी विचारलं, "माझी आई भेटली का तुला?"

"भेटली की. गुरुवारी निघताना. पाणी वाहत होती."

"कसलं पाणी?"

"बादली. आणि बगलेत काठी, खाचा पाडलेली. मी खिडकीतून विचारलं, साफ्ताताई, कुणासाठी? तर म्हणाली, तू गाडी चालव तुझी."

"किती खाचा होत्या?"

"चार असतील." मग त्यानं माझ्याकडे बघितलं आणि उगाच टायर बघायला गेला.

चाळीस दिवसांचं पाणी कुणासाठी वाहतात ते मला माहीत आहे. मी वाहिलंय. क्रायोवाला सासूबाईंकडे चार वेळा फोन लावला, कुणी उचलत नाही. का उचलत नाहीत ते मला कळतंय.

तू मला कळवलंसुद्धा नाहीस. चार खाचा पाडल्यास आणि एक ओळ लिहिली नाहीस.

मी इथे परक्या बाईला आठ ग्लास मोजून पाजते आणि तिकडे तू माझ्या पोरीला त्या विहिरीचं पाजत बसलीस, कारण ती बाबांची विहीर. मेलेल्या माणसाला तहान लागू नये म्हणून जिवंत मूल घालवलंस. एकाहत्तर माणसं मोजलीस आणि एक पोर बघता आली नाही. निळी पडलेली पोर बघून तू मला लिहिलंस, देखणी दिसते!

यापुढे मला पोरी म्हणू नकोस. मी कुणाची पोरगी नाही आता.


पोयेनित्सा,
बुधवार, २७ जून २००१

सांदा,

इलिंका जिवंत आहे. हे आधी लिहिते, बाकी मागाहून. जिवंत आहे, गुलाबी आहे, परवा सोमवारी इस्पितळातून बाहेर आली, आणि बाटली हातातून काढून घेतली की भांडते. तू म्हणालीस म्हणून वर नुसतं सांदा लिहिलंय.

तुझं दहा तारखेचं पत्र बाराला, मंगळवारी आलं. मी नखं बघितली. मेंढीची लोकर निळीत बुडवल्यावर माझी व्हायची तशी. मी रोज बघत होते ती बोटं, रोज मुके घेत होते. ऑलिम्पियानं मला बसूसुद्धा दिलं नाही. पोस्टातल्या बाबाच्या गाडीत घातलं आणि सरळ क्रायोवा. विहीणबाईंना तिनंच फोन केला, त्या इस्पितळाच्या दारात उभ्याच होत्या, पर्स काखेत. ते सगळे दिवस त्या आणि व्याहीबुवा तिथेच होते, म्हणून तुझा फोन कुणी उचलला नाही.

डॉक्टर पोरगाच आहे, मिशी नुकती फुटलेली. त्यानं रक्त काढलं. सांदा, कॉफीसारखं. मग त्यानं सुईतून औषध सोडलं आणि ते होतं निळं. मी म्हटलं, "अहो डॉक्टर, आधीच निळी आहे हो पोर!" नर्स हसली, तोही हसला. आणि मी तिथे उभी असताना, पाव तासात, त्या ओठांवर रंग चढायला लागला. पहाट होते ना तसा. मग जी रडली! वॉर्ड दणाणला. अगदी तुझ्यासारखी. मी जमिनीवर बसले आणि हसत सुटले, विहीणबाई म्हणाल्या, "हिला बाहेर न्या."

सोमवारी, अठरा तारखेला, पाणी खात्याची दोन माणसं आली बाटल्या घेऊन. नायट्रेट म्हणतात त्याला. दिसत नाही, वास नाही, चव नाही. मैला मातीत मुरतो, त्याचं होतं आणि विहिरीत उतरतं. तुम्हाआम्हाला काही करत नाही, तान्ह्याच्या रक्ताला करतं, मग ते रक्त अंगभर हवा नेईनासं होतं. त्यांनी पावलं मोजली. खड्ड्यापासून विहीर अकरा पावलं. वरच्या अंगाला खड्डा, खाली विहीर. गोठ्यामागे दगड होता, दुसरीकडे तुझ्या बाबांचा द्राक्षवेल होता, तो मला तोडवेना. कोस्तेलनं विचारलं, "आत्या, इथे खणू का?" मी म्हटलं, खण. लपवलं तुझ्यापासून, कारण तू ओरडली असतीस.

विहिरीवर फळ्या ठोकल्या. पाटी लावली. टिनाचा मगही काढून घेतला माझ्याकडून, आणि साखळी नुसती लोंबते.

आता काठीचं. ती तुझ्या बाबांसाठी. अठरा तारखेपासून त्याला थेंब नाही, तिकडे. कुणी थांबत नाही, कुणी नाव घेत नाही. शाळेपाशी खोल बोअर आहे, त्याचं पाणी चांगलं आहे म्हणाले, तर रोज एक बादली तिथून आणते, एका घरी देते आणि खाच पाडते. हे माणूस मेल्यावर करतात, मलाही ठाऊक आहे. पण विहीर मेली तर काय करायचं ते कुणी सांगून ठेवलेलं नाही. हे मी फनेलला गाडीच्या खिडकीतून कसं सांगणार होते? आणि पत्र लिहिलं नाही ते अशासाठी की पोर घरी आल्यावर लिहू म्हटलं, चांगली बातमी हातात घेऊन.

आणखी एक. डॉक्टरनं विचारलं, "पाणी उकळायचात का?" मी म्हटलं, "तासभर, अर्धं होईपर्यंत, दोनदा." मला वाटलं शाबासकी देईल. त्यानं कपाळाला हात लावला. म्हणाला, "आजी, वाफ होऊन पाणी जातं, ते जात नाही. पातेलंभर विष तुम्ही अर्ध्या पातेल्यात भरत होतात." मग विचारलं, "कुणी सांगितलं असं करायला?"

मी म्हटलं, "कोण सांगणार? माझंच डोकं."

त्यानं ते कागदावर लिहून घेतलं. विहीणबाई शेजारी उभ्या होत्या. त्यांनी ऐकलं आणि म्हणाल्या, "बाळ आता आमच्याकडे राहील. आमच्याकडे नळ आहे आणि डोकंही आहे."

तुझं मे महिन्यातलं पत्र मी चुलीत घातलं. कुणी बघितलं नव्हतं.

आई


पादोवा,
रविवार, ८ जुलै २००१

आई,

तुला ते रागाचं पत्र पाठवलं त्याच्या दुसऱ्याच दिवशी, सोमवारी, फोन लागला होता. सासूबाईंनी रिसीव्हर इलिंकाच्या तोंडाशी धरला. ती श्वास घेत होती. मी पाच मिनिटं ते ऐकलं. मग फनेलच्या मागे पळत गेले, ते पत्र परत घ्यायला. त्याची गाडी रविवारीच गेली हे मला माहीत होतं, तरी गेले.

उकळ म्हणून मी लिहिलं होतं. बराच वेळ उकळ, आळस करू नकोस, असं मी लिहिलं होतं. बागेतल्या बायकांनी सांगितलं आणि मी शहाणपणानं तुला सांगितलं. न्हाणीघरही मलाच हवं होतं.

सासूबाईंना हे सांगायचं म्हणून दोनदा फोन केला. दोन्ही वेळा ती काय खाते ते विचारलं आणि ठेवला. गाजर खाते म्हणे, बाजारातलं, दोनदा धुऊन.

तुझा जावई रेलू आधीच स्पेनमधून त्यांना लिहितो की मी मूल टाकून गेले. संत्री तोडायला तोही गेलाय, पण त्याला टाकून गेला असं कुणी म्हणत नाही. आता हे कळलं तर मला ती पोर परत मिळायची नाही. तू थोडे दिवस काही बोलू नकोस, आई. डिसेंबरात मी येते, मग आपण दोघी मिळून सांगू.

बाटल्यांचं एक खोकं पाठवतेय. ते तुझ्यासाठी आहे. तू पी.

सांदा


पोयेनित्सा,
बुधवार, ८ ऑगस्ट २००१

सांदा,

आधी आला तो हॉर्न! वीस जुलै, संत इलिएचा सण, मी टरबूज कापत होते, आणि फाटकाशी असा हॉर्न की गेरगिनाचा कुत्रा तीन पायांवर कुंपण ओलांडून पळाला. मग उतरल्या विहीणबाई दोम्निका, पांढरी टोपी, हातात थंड पाण्याची पिशवी. मग व्याहीबुवा. आणि मग, व्याहीबुवांच्या खांद्यावर, माझी लबाड!

अगं, सहा महिन्यांची झाली. खाली एक दात, टोकदार. मांडीवर बसवली तर पाय मारते, नाक धरून ओढते. माझ्याकडे बघितलं, मग विहीणबाईंकडे बघितलं, मग परत माझ्याकडे, ही कोण म्हणून. मी म्हटलं, "मी साफ्ता, बाई, आपली ओळख आहे." हसली! दात दाखवून हसली. गेरगिना तोवर आलीच होती, तिलाही हसली, त्यामुळे फार मनावर घेतलं नाही.

विहीणबाई म्हणाल्या, "हात धुतलेत का?" मी धावत न्हाणीघरात गेले, तुझा पादोवाचा साबण नवा काढला, कोपरापर्यंत धुतले. बाहेर आले तर म्हणतात, "पाणी कुठलं?" म्हटलं, "तोटीचं." "तोटीत कुठलं?" आता तोटीत दुसरं कुठलं असणार, विहिरीचंच. ऑलिम्पिया म्हणते धुण्याभांड्याला चालतं. त्यांना नाही चाललं. अंगणात उभं करून त्यांनी आपल्या बाटलीतलं पाणी माझ्या हातांवर ओतलं, पाद्रीबाबा ओततात तसं. मी म्हटलं, "विहीणबाई, मंतर पण म्हणा." व्याहीबुवा हसले. त्या नाही हसल्या.

दूध त्यांनीच केलं, मला डबा उघडू दिला नाही. जाताना म्हणाल्या, "आणि काही उकळू नका हं, विहीणबाई." मी हसले. काय करणार? मी कुणाला काही बोलले नाही, बोलणारही नाही, तू निश्चिंत राहा. चार यत्ता शिकलेली म्हातारी, तिनं आपल्या डोक्यानं पाणी आटवलं, हे सगळ्यांना लगेच पटलंय. कुणी दोनदा विचारत नाही. पाद्रीबाबासुद्धा परवा देवळात म्हणाले, बायकांनी शिकलेल्यांचं ऐकावं, आणि माझ्याकडे बघितलं. डिसेंबरात तू सांगायचं म्हणतेस. बघ, तुझं तू. एवढ्यात सांगितलं तरी मला चालेल, नाही सांगितलं तरी.

एक तास थांबले. टरबुजाला कुणी हात लावला नाही, मी आणि कुत्र्यानं संपवलं.

तुझ्या बाबांच्या चव्वेचाळीस बादल्या सत्तावीस जुलैला पुऱ्या झाल्या. दुसऱ्या दिवशी ओढ्यावर गेले काठी सोडायला. ओढा आटलाय यंदा, काठी दोन दगडांत अडकून बसली, मी पायानं ढकलली. आता पुढे त्याचं काय, ते मला सुचत नाही. चाळीस दिवसांचीच रीत आहे. मी आपली एक मग पाणी फाटकाबाहेर ठेवते, बोअरचं, झाकून. ट्रकवाले पाटी वाचतात आणि पुढे जातात. तू पाठवलेल्या बाटल्या मी प्यायले नाही, पोरी. त्या तिच्यासाठी ठेवल्यात, खाटेखाली, सावलीत. शाळेच्या बोअरचा कागदही मागून आणलाय ऑलिम्पियाकडून, शिक्का मारलेला, की हे पाणी तान्ह्या मुलांना चालतं. दारावर लावलाय, विहीणबाईंना चष्म्याशिवाय दिसेल इतक्या उंचीवर. घरची गाजरं काढली नाहीत, बाजारातून आणली. दोनदा धुतली, शाळेच्या पाण्यानं. रविवारी परत धुतली, काल परत. आता जरा मऊ पडलीत.

फनेल उद्या निघतोय, म्हणून आज लिहून टाकते. व्याहीबुवांनी गाडीतून हात बाहेर काढून सांगितलं होतं, पोरीचा हात हलवत. ऑगस्टच्या पहिल्या रविवारी, पाच तारखेला, येतो म्हणाले होते.

आई